थिजलेले शेंगदाणा तेल म्हणजे भेसळ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी वाढली की खान्देशात एक तक्रार हमखास ऐकू येते: डब्यातले शेंगदाणा तेल थिजले, म्हणजे त्यात पाम तेल मिसळले आहे. ऐन भरिताच्या दिवसांत लाकडी घाणेवाल्यांकडे डबे परत येऊ लागतात. व्हॉट्सॲपवर तर ‘वाटीभर तेल फ्रीजमध्ये ठेवा, गोठले तर भेसळ’ अशी कसोटीच फिरते. ती साफ चुकीची आहे. तिने प्रामाणिक विक्रेता बदनाम होतो आणि भेसळ करणारा सुटतो.

खाद्यतेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड: एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले (फॅटी ॲसिड, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या) जोडलेली. ती तिन्ही कोणती, यावर तेल पातळ राहणार की थिजणार हे ठरते. संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात. ज्वारीच्या कडब्याची पेंढी कशी घट्ट बांधली जाते, तशा त्या एकमेकींना चिकटून बसतात. ओलिइक, लिनोलिइक या असंपृक्त मेदाम्लांत दुहेरी बंधापाशी साखळी वाकते. बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी सैलच राहणार. म्हणून संपृक्त पामिटिक आम्ल वितळायला 63 अंश सेल्सिअस लागतात, ओलिइक मात्र साधारण 13 अंशांपर्यंत पातळ राहते.

शेंगदाणा तेलात ओलिइक आणि लिनोलिइक यांचाच भरणा असतो. तरी ते थिजते, कारण त्यात ॲराकिडिक, बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही 20, 22 आणि 24 कार्बनांची लांब, सरळ मेदाम्ले मिळून साधारण 5 ते 7 टक्के असतात. त्यांतले बेहेनिक तर 80 अंशांना वितळते. ॲराकिडिक हे नावही भुईमुगाच्या ‘ॲराकिस’ या शास्त्रीय नावावरूनच पडले. थंडीत ही मेदाम्ले असलेली ट्रायग्लिसराइडे आधी गोठतात आणि त्यांचा जेलीसारखा थर होतो, जो गाळूनही नीट निघत नाही. सरकीच्या तेलाचे तसे नाही. ते कारखान्यात थंड करून गोठणारा भाग गाळून काढता येतो, आणि असे तेल फ्रीजमध्येही स्वच्छ राहते. म्हणजे शेंगदाणा तेलात ते मिसळले, तर फ्रीजच्या कसोटीत भेसळीचे तेलच उजवे ठरायचे! पामोलिन (पाम तेलाचा पातळ भाग) मिसळलेले तेलही गोठते आणि शुद्ध शेंगदाणाही. फ्रीजला त्यातला फरक कळत नाही.

खरी चाचणी बेलिअरची. 1 मिली तेल अल्कोहोलमधल्या पोटॅशने साबणात बदलायचे, ॲसिटिक आम्लाने उदासीन करायचे, 70 टक्के अल्कोहोल 50 मिली घालून हळूहळू थंड करायचे आणि गढूळपणा कोणत्या तापमानाला येतो ते पाहायचे. शेंगदाणा तेल 39 ते 41 अंशांना गढूळ होते, सरकीचे 19 ते 21 अंशांच्या आसपास. लांब साखळ्या जितक्या कमी, तितका हा आकडा खाली येतो. हे काम प्रयोगशाळेचे आहे, स्वयंपाकघरातले नव्हे.

घरी एवढे करावे. थिजलेले थोडे तेल वाटीत घेऊन वाटी कोमट पाण्यात ठेवावी. तेल 40 अंशांपर्यंत तापून काचेसारखे झाले, तर ते नुसते गोठलेले होते. तरीही धूसर राहिले किंवा तळाशी गाळ बसला, तर त्यात ओलावा, दाण्याचा चुरा किंवा फॉस्फोलिपिडे (दाण्यातून येणारे चिकट, मेदासारखे पदार्थ) आहेत. असे तेल कढईत फेसाळते, तडतडते आणि लवकर काळे पडते. घाण्याचे ताजे तेल दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचे निथळून घ्यावे, ते याचसाठी. थिजलेला डबा मात्र शेगडीवर ठेवू नये. झाकण सैल करून उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवावा आणि सगळे तेल ढवळून मगच वापरायला घ्यावे. वरवरचे पातळ तेल ओतत गेले, तर तळाशी दाट भाग उरतो आणि पुन्हा भेसळीचा संशय येतो.

थिजणे आणि खवट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थिजल्याने तेलाचे काही बिघडत नाही. खवटपणा येतो तो हवेतला ऑक्सिजन असंपृक्त साखळ्यांवर चाल करतो म्हणून, आणि ऊन, लोखंड, तांबे त्याला मदत करतात. जळगाव-भुसावळच्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात जानेवारीतला अर्धा डबा टिकेल अशी आशा धरू नये. जुन्या तेलाचा तळ राहिलेल्या डब्यात नवे तेल ओतू नये. तळातली पेरॉक्साइडे (ऑक्सिजनमुळे तेलात तयार होणारी संयुगे) नव्यालाही लवकर खवट करतात.

संशय असलाच, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चे कलम 40 ग्राहकासाठी आहे. खरेदी करतानाच ‘हे तेल तपासायला देणार’ असे विक्रेत्याला सांगायचे आणि शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घ्यायची. नमुना मानकात बसला नाही, तर शुल्क परत मिळते. तेल विकत घेतानाच हे सांगावे लागते, थिजल्यावर नव्हे.

आपले,
तेल-रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, जळगाव