सेंट्रिफ्यूजपाशी उभ्या असणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

मणक्यांमधल्या गादीच्या दुखण्यावर पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी दाट असलेल्या द्रवाचं) इंजेक्शन घेऊन बरं वाटलेला माणूस डॉक्टरांना पेढे देतो, आम्ही व्यायाम करून घेतो म्हणून आम्हालाही देतो. तो द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, तयार करणाऱ्या तुम्ही मात्र त्याच्या लेखी 'रक्त काढणाऱ्या बाई'. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी भागात कंबरदुखीचे पेशंट बघणारे आम्ही फिजिओथेरपिस्ट. सुईतून गादीत जाणाऱ्या त्या एक-दीड मिली पिवळ्या द्रवात कस किती, हे तुमच्या टेबलावर ठरतं, आणि ते आम्हाला तुमच्यामुळेच नीट कळलं.

कस शिरेपासूनच सांभाळावा लागतो. बारीक सुईने, घाईने पिस्टन ओढला की प्लेटलेट सिरिंजमध्येच चेततात, स्वतःतली द्रव्यं तिथेच सोडून देतात आणि गुठळ्या करतात. गादीत पोचतो तो चोथा. तुम्ही २१ गेजची, बेताची जाड बटरफ्लाय सुई वापरता, दंडाचा पट्टा रक्त यायला लागताच सैल करता. ३० मिलीच्या सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारं तीन-चार मिली एसीडी-ए आधीच भरलेलं असतं, आणि रक्त आल्यावर सिरिंज हलक्या हाताने उलटसुलट करता, कधी खळखळवत नाही. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त पीआरपीला का चालत नाही, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. तिच्यातल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात प्लेटलेट फुगतात. ती ट्यूब मोजणीपुरती.

मग फिरवणं. 'अमुक आरपीएमवर (मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर) दहा मिनिटं' असं कोणी छातीठोक सांगितलं की तुम्ही एकच प्रश्न विचारता: रोटर, म्हणजे ट्यूब धरून फिरणारा भाग, केवढा? १५०० आरपीएमवर १० सेंमी त्रिज्येच्या रोटरमध्ये ओढ पडते साधारण २५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट), आणि १५ सेंमीच्या रोटरमध्ये ३७७. पहिला, हलका फेरा २५०च्या आसपास ठरवला असेल तर दुसऱ्या यंत्रात तोच आकडा लावल्याने बऱ्याच प्लेटलेट तांबड्या पेशींबरोबर खाली बसतात, आणि वर राहतो तो प्लेटलेट कमी असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव. पेशंटला रंगावरून काहीच कळत नाही, पिवळं ते पिवळंच. दुसरा, जोराचा फेरा प्लेटलेट तळाशी आणण्यासाठी. त्यानंतर वरचा पातळ प्लाझ्मा काढून टाकायचा आणि उरलेल्यात तळाची साय हळूच मिसळायची.

पावसाळ्यात आपल्याकडची वीज कशी असते ते वेगळं सांगायला नको. फिरता फिरता यंत्र बंद पडलं, वीज आली आणि पुन्हा चालू केलं, तर किती फेरा झाला याचा हिशेबच राहत नाही. तुम्ही तो नमुना पुढे पाठवत नाही. यंत्र इन्व्हर्टरवर ठेवण्याचा हट्टही तुमचाच, आणि ब्रेक न लावता आपोआप थांबू देण्याचाही, कारण झटका बसला की थर ढवळतात.

पहिल्या फेऱ्यानंतर ट्यूब खिडकीकडे धरून तुम्ही बघता, ते पाहण्यासारखं असतं. वर कोकमाच्या नव्हे, गवती चहाच्या रंगाचं पाणी, खाली गडद तांबडं, आणि मध्ये नखाच्या कडेएवढी पांढुरकी रेघ. सुई त्या रेघेच्या किती वर थांबवायची यावर पांढऱ्या पेशी किती येणार ते ठरतं. वरचं पाणीच गुलाबी दिसलं तर रक्त काढताना पेशी फुटल्या, असं तुम्ही तिथल्या तिथे सांगता.

सगळ्यात मोठे आभार चिठ्ठीचे. पेशंटच्या रक्तातल्या प्लेटलेट किती आणि तयार पीआरपीत किती, दोन्ही आकडे तुम्ही लिहून देता. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असतात, तयार द्रवाच्या तेवढ्याच मापात दहा लाखांच्या वर असाव्यात हा बहुतेकांचा मापदंड. मोजणीच्या यंत्राने आकडा कमी दाखवला की तुम्ही थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघता, कारण गुठळ्या झाल्या की यंत्र त्या मोजतच नाही. आणि खरंच कमी असेल तर "परत घ्यावं लागेल" हे डॉक्टरांच्या तोंडावर सांगता. पेशंट टेबलावर पालथा, सी-आर्म (सुई कुठे आहे ते दाखवणारं एक्स-रे यंत्र) चालू, आणि बाहेर तीन जण वाट बघत असताना हे सांगायला जिगर लागते.

स्वच्छतेबद्दलही तसंच. गादीला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, म्हणून एकदा जंतू आत गेले की औषधही तिथे धड पोचत नाही. त्वचेवरचा एखादा साधा जंतूही महिनोनमहिने छळू शकतो. म्हणून तुमच्याकडे ट्यूबचं टोपण विनाकारण उघडत नाही.

त्या चिठ्ठीमुळे आम्हाला पेशंटशी खरं बोलता येतं. "मणक्यात गॅप आलाय, इंजेक्शनने भरेल ना?" हा रोजचा प्रश्न. गॅप भरत नाही. पूर्ण बसलेल्या गादीत तर फारसं काही करण्यासारखं उरत नाही. २०१६ साली ४७ जणांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांत पीआरपीचा फायदा दिसला. २०२२ साली २६ जणांवरच्या चाचणीत सलाइनपेक्षा तो सरस ठरला नाही. म्हणून आम्ही खात्री देत नाही. सहा महिन्यांनी गुण आला नाही, तर द्रव पातळ होता की मुळात दुखणंच गादीचं नव्हतं, एवढं तरी तुमच्या आकड्यांवरून तपासता येतं. (स्टेम सेलची जाहिरात दाखवणाऱ्यांना आम्ही एकच सांगतो: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाठीसाठी ते मान्य चाचणीबाहेर देता येत नाही.)

रक्त काढण्याआधी "गोळी कुठली चालू आहे?" हे तुम्ही विचारता तेही मोलाचं. अ‍ॅस्पिरिन घेतली की त्या प्लेटलेट आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवस, निकामी. डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या गोळीचा परिणाम लवकर उतरतो, तरी तीही आधी थांबवलेली बरी. मात्र हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने कोणी बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. हे वाक्य तुम्ही प्रत्येकाला ऐकवता म्हणून आमचं काम हलकं होतं.

पुढचं आम्ही बघतो. पहिले काही दिवस दुखणं वाढतं, तेव्हा पॅरासिटामॉल. दोन आठवडे वाकणं, उचलणं बंद, चालणं सुरू. साधारण महिन्याने कण्याच्या स्नायूंचे व्यायाम. ताप आला, रात्रीची कळ दिवसागणिक वाढू लागली, लघवी अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर आमच्याकडे नव्हे, थेट डॉक्टरांकडे.

आता एक विनंती. श्रावणात इंजेक्शन घेणाऱ्याला तुम्हीही सांगा, चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवायची चौकट, यंदा दुसऱ्याला बांधू दे. हात वर करून नारळांचे घोस बांधायचे, मग खाली वाकून पाट मांडायचा, हे सगळं तो आमच्यापासून लपवून करतो. तुमचं मात्र ऐकतो, कारण सुई तुमच्या हातात असते.

आपले,
फोंडा, डिचोली आणि सत्तरीतले फिजिओथेरपिस्ट