वॉर्डातल्या खिडक्यांचेही बघा

साथीच्या काळातील रुग्णालयांच्या तयारीवरील आपला अग्रलेख पटला; पण त्यात हवा खेळती ठेवण्याचा मुद्दा राहून गेला. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील एका मोठ्या खासगी रुग्णालयात परिचारिका आणि डॉक्टर मोठ्या संख्येने बाधित झाले आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले. तेव्हा आपण सगळे फरशा आणि दाराच्या कड्या पुसत होतो. करोनाचा विषाणू बंद खोलीतल्या हवेतूनही पसरतो, हे नीट मान्य व्हायला २०२१ उजाडले. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांसाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सुचवली.

मागच्या महिन्यात आईसोबत एका रुग्णालयात चार रात्री काढल्या. दारात सॅनिटायझरची बाटली होती, पण एसीसाठी खिडक्या प्लायवूड ठोकून बंद केलेल्या. सहा खाटा, सहा नातेवाईक आणि रात्रभर खोकला. एसी तीच हवा फिरवत होता.

रुग्णालयांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना अग्निसुरक्षेप्रमाणे वायुवीजनाचीही तपासणी बंधनकारक करावी. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र वॉर्डात लावले, तरी हवा कोंडल्याचे लगेच कळते.

— एक वाचक, सोलापूर