फिलिपिनो निसर्गचित्र दुर्मीळ का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक कलाबाजाराविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या मी नेमाने वाचतो. आशियातल्या एखाद्या जुन्या चित्रकाराचे काम युरोपातील कुणाच्या घरातून बाहेर येते, लिलावात मांडले जाते, आणि ‘दुर्मीळ निसर्गचित्र’ एवढे म्हणून बातमी थेट किमतीकडे वळते. फिलिपिन्सच्या आरंभीच्या चित्रकारांच्या बाबतीत तर हे हमखास घडते. त्यांची निसर्गचित्रे इतकी थोडी का, हे सांगितल्याशिवाय अशा चित्राचे खरे मोल वाचकाच्या ध्यानात येणार नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून फेलिक्स रेझुरेक्सिओन हिदाल्गो या फिलिपिनो चित्रकाराविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, स्पेनच्या अमलाखालील मनिलात, निसर्गचित्र मागणारे गिऱ्हाईकच जवळजवळ नव्हते. चर्चला संतांच्या प्रतिमा हव्या असत. व्यापारातून वर आलेल्या घराण्यांना व्यक्तिचित्रे हवी असत, आणि त्यांत अननसाच्या पानांच्या धाग्यांपासून विणलेल्या तलम वस्त्रावरची वेलबुट्टी न् वेलबुट्टी दिसली पाहिजे असा आग्रह असे. परदेशी व्यापारी आणि खलाशी स्थानिक लोकांच्या पेहरावांचे चित्रसंग्रह विकत घेत. १८२०च्या दशकात मनिलात चित्रकलेचे शिक्षण सुरू करणारे दामियान दोमिंगो अशाच पेहरावचित्रांसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या चित्रांतली माणसे बहुधा कोऱ्या कागदावर उभी असतात. पायाखाली जमिनीचा लहानसा तुकडा, एवढाच काय तो निसर्ग.

त्यानंतर आलेल्या होसे होनोरातो लोसानो यांच्या जलरंगांत मनिला शहर दिसू लागते, पण तेही आडवाटेने. गिऱ्हाइकाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि प्रत्येक अक्षर माणसांच्या आकृत्यांनी घडवायचे, अशी एक खास शैली त्यांनी नावारूपाला आणली. भात कांडणाऱ्या बाया, कोंबडे झुंजवणारे पुरुष, ओझे वाहणारा हमाल यांच्या वाकण्या-ताठण्यातून एकेक अक्षर उभे राहते, आणि त्या अक्षरांच्या मागे व तळाशी मनिलाचा उपसागर, तटबंदी, गलबते बारकाईने रंगवलेली असतात. पैसे मिळत ते नाव रंगवण्याबद्दल, देखावा सोबत येई. लोसानो यांनी १८४७ साली हेर्वासिओ हिरोनेला यांच्यासाठी केलेला चित्रसंग्रह आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १८६३च्या भूकंपात मनिलाची फार मोठी पडझड झाली. त्याआधीचे शहर डोळ्यांनी पाहायचे असेल, तर या संग्रहासारखी साधने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन हिदाल्गो यांच्याकडे पाहावे. त्यांचा जन्म १८५५ साली मनिलातील बिनोंदो या भागात झाला. आगुस्तिन साएस यांच्या हाताखाली तिथल्या चित्रकला अकादमीत ते शिकले. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनासाठी रवाना होण्यापूर्वी त्यांची काही चित्रे मनिलात लोकांना दाखवण्यात आली; त्यांत एक चित्र ‘ला बांका’, म्हणजे तिकडच्या होडीचे होते, आणि दुसरे लांसोनेस नावाची फळे विकणाऱ्या बाईचे. एकविशीच्या या तरुणाला पदरचा विषय म्हणून होडी आणि बाजारातली बाई निवडावीशी वाटली, ही गोष्ट मला त्यांना पुढे मिळालेल्या पदकांइतकीच महत्त्वाची वाटते. १८७९ साली मनिलाच्या नगरपालिकेची शिष्यवृत्ती घेऊन ते स्पेनला गेले. त्यानंतर मायदेशी पाऊल ठेवले ते थेट १९१२ साली, आजारी आईला भेटण्यासाठी, आणि तेही काही महिन्यांपुरते. पुढच्याच वर्षी, मार्च १९१३ मध्ये, बार्सिलोनाजवळ त्यांचे निधन झाले. म्हणजे हिदाल्गो यांनी आपली स्वतःची भूमी समोर ठेवून रंगवावी, असा काळ त्यांच्या आयुष्यात १८७९ पूर्वीच्या उमेदवारीच्या वर्षांचा आणि अखेरच्या त्या भेटीचा, इतकाच होता. युरोपच्या किनाऱ्यांवरची त्यांची चित्रे अधूनमधून विक्रीला येतात. मायभूमीचे चित्र समोर आले, तर त्याला दुर्मीळ म्हणणे शब्दशः खरे ठरेल. बातमीत हा फरक सांगितला जात नाही, हे मला खटकते.

दुसरे कारण राजकीय आहे. १८८४ च्या माद्रिद येथील राष्ट्रीय प्रदर्शनात दुसरे फिलिपिनो चित्रकार हुआन लूना यांच्या ‘स्पोलियारियुम’ या, मेलेल्या रोमन ग्लॅडिएटरांना आखाड्याबाहेर ओढून नेण्याच्या चित्राला सुवर्णपदक आणि हिदाल्गो यांच्या, जमावापुढे उघड्या केलेल्या ख्रिस्ती कुमारिकांच्या चित्राला रौप्यपदक मिळाले. त्या दोघांच्या सत्कारासाठी २५ जून १८८४ रोजी माद्रिदमध्ये भोजनसमारंभ झाला आणि तिथे फिलिपिनो लेखक आणि राष्ट्रीय नेते होसे रिसाल यांनी केलेले भाषण फिलिपिन्सच्या राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. वसाहतीतला माणूस राज्यकर्त्यांच्या कसोटीवर त्यांच्याच तोडीचा ठरतो, हे सिद्ध करायला मोठे ऐतिहासिक पट लागत होते. ‘स्पोलियारियुम’ची रुंदी साडेसात मीटरहून अधिक आहे. त्या भव्यतेपुढे समुद्राकाठच्या फळकुटावर केलेले छोटे तैलचित्र कुणाच्या नजरेत भरणार? ते ना प्रदर्शनात झळकले, ना पाठ्यपुस्तकात आले. मित्राला भेट दिलेले, नातेवाइकाच्या दिवाणखान्यात टांगलेले, असे ते घरगुतीच राहिले.

मला मात्र याच लहान चित्रांत हिदाल्गो अधिक मोकळे वाटतात. रोमन इतिहासाचा विषय रंगवताना परीक्षक काय म्हणतील याचे दडपण कुंचल्यावर असतेच. उघड्यावर, बदलत्या उजेडात, लहान लाकडी फळीवर काम करताना तेवढा वेळच नसतो. ढगाखालचा उजेड पालटण्याच्या आत समुद्राचा रंग ठरवावा लागतो. ओल्या रंगावर दुसरा रंग त्याच बैठकीत बसवावा लागतो. काही ठिकाणी रंग इतका पातळ राहतो की खालच्या लाकडाचा उबदार तपकिरी रंगच वाळूचे काम करतो. अशा चित्राचे छायाचित्र छापताना वर्तमानपत्रे कडा कापून टाकतात, आणि फळीवरचे चित्र आहे की कॅनव्हासवरचे, याचा उल्लेखही करत नाहीत.

नाशाचा भाग वेगळाच. फेब्रुवारी १९४५ मध्ये जपानी सैन्याकडून मनिला परत घेण्यासाठी झालेल्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले, आणि इंत्रामुरोस, एर्मिता, मालाते या भागांतील जुनी घरे, चर्च, संग्रह जळून गेले. एवढ्या मनुष्यहानीपुढे चित्रांचा हिशेब मांडणे संकोचाचे वाटते, पण त्या घरांच्या भिंतींवर काय होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही, हेही खरेच. युरोपात राहिलेली चित्रे तरी सुरक्षित होती असे नाही: हिदाल्गो यांच्या त्या रौप्यपदकविजेत्या चित्राची मूळ प्रत स्पेनमध्ये, वायादोलिद विद्यापीठाला १९३९ साली लागलेल्या आगीत नष्ट झाली.

कोल्हापूरच्या वाचकाला हे सारे परके वाटू नये. हिदाल्गो यांचे जवळजवळ समवयस्क असलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार होते, तरी आज आपण त्यांना ओळखतो ते रंकाळ्याच्या आणि पंचगंगेच्या निसर्गचित्रांमुळे. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून जी युरोपीय पद्धतीची शिस्त आपल्याकडे आली, तशीच शिस्त मनिलातही रुजत होती. असे असूनही आमच्या कलाशिक्षणात पॅरिस आणि लंडन होते, मनिलाचे नावही नव्हते. याची खंत मी वर्गात अनेक वर्षे बाळगली.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा चित्राची बातमी देताना त्याचे वर्ष, आकार, माध्यम, त्यात कुठला प्रदेश रंगवला आहे आणि ते आजवर कुणाकुणाच्या संग्रहात होते, ही माहिती किमतीच्या आधी छापावी. मालकीचा हा माग केवळ अभ्यासकांसाठी लागतो असे नाही. हिदाल्गो आणि लूना यांच्यासारख्या मागणी असलेल्या चित्रकारांच्या नावावर बनावट चित्रेही खपवली जाऊ शकतात, आणि माग नसलेल्या चित्राबद्दल वाचकाने सावध असायला हवे. शिवाय चित्र लिलावातून पुन्हा एखाद्या खासगी तिजोरीत जाणार, की लोकांना पाहायला मिळणार, हेही विचारून छापावे. मनिलाला जाणाऱ्या मराठी प्रवाशांसाठी सांगतो: तिथल्या जुन्या विधिमंडळाच्या इमारतीतील राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात ‘स्पोलियारियुम’ आहे, हिदाल्गो यांची चित्रेही आहेत, आणि २०१६ पासून प्रवेश विनामूल्य आहे. ‘स्पोलियारियुम’समोर गर्दी असतेच, तिथून पुढे जाऊन हिदाल्गो यांच्या लहान चित्रांसाठीही वेळ राखून ठेवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक,
कोल्हापूर