ताई, चादर बाजूला काढून ठेवलीय

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचा जुना नंबर लागत नाही. सोलापूर सोडून गेलात एवढंच कळलं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, कुणाच्या तरी हातून पोचेल.

सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी संमोहन शिकायला तुमच्याकडे आले तेव्हा मला कळांची धास्ती बसली होती. पहिल्या खेपेला ओरडले म्हणून बोलणी खावी लागली होती. चार वर्षं झाली तरी तो आवाज कानातून जात नव्हता. रात्री दचकून उठायचे.

आईला 'संमोहन' म्हणजे कुणीतरी भूल घालणार असंच वाटलं. तुम्ही तिलाच समोर बसवलंत. शुद्ध जात नाही, नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं, हे नीट सांगितलंत. भीतीने अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं, दुखलं की भीती वाढते, ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ च्या पुस्तकात मांडलेला हा फेराही समजावलात. आईचं सगळं आयुष्य मागावर गेलंय. ती पटकन म्हणाली, "गुंतलेला धागा ओढला की गाठच बसते, तसंच की." त्या दिवसापासून तीच मला सरावाची आठवण करायची.

दुखणारच नाही, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आधी माझ्या डॉक्टरांशी बोललात, मगच सुरुवात केलीत. कॉक्रेन ही संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते, तिच्या २०१६ च्या संमोहनावरच्या आढाव्यातले ९ अभ्यास, जवळपास ३ हजार बायका, हेही सांगितलंत: वेदनेची औषधं कमी लागू शकतात, पण एपिड्यूरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, टळतंच असं दिसलेलं नाही. औषध लागलं तर मागायचं, त्यात हार नाही. हे ऐकलं तेव्हाच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

आणि तुम्ही मला समुद्रकिनारा डोळ्यासमोर आणायला लावला नाहीत. "लहानपणी गाढ झोप कुठं लागायची?" असं विचारलंत. मी सांगितलं, पूर्व भागातल्या आमच्या घरी, मागाच्या खोलीत, चादरींच्या थप्पीवर. बाहेर ऊन रखरखायचं आणि आत माग खटखट चालू असायचे. तुम्ही तेच धरलंत. खटक्याच्या तालावर श्वास सोडायचा, प्रत्येक श्वासाला खांदे, जबडा, मुठी सैल. मग उजवा हात मनानेच माठात बुडवायचा. कोपरापर्यंत गार, जड, बधिर झाला की तो हात कमरेवर ठेवायचा आणि गारवा तिथं उतरू द्यायचा. पहिले आठ दिवस काही जमलं नाही. नवव्या दिवशी बोटं खरंच जड झाली, आणि मी रडले.

मे महिन्यात, भर उन्हात कळा सुरू झाल्या. ह्यांनी बाबांच्या मागाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला होता, तो उशाशी लावला. एकेक कळ मिनिटभराची. ती चढायला लागली की हे फक्त "माठ" एवढंच म्हणायचे. दुखत होतं ताई, खूप दुखत होतं. पण मी त्याच्याशी झटापट करत नव्हते. कळ ओसरली की पुढचीची धास्ती न घेता पडून राहता येत होतं. पहिल्या वेळी हेच जमलं नव्हतं. सिस्टरनी तपासून पिशवीचं तोंड सात सेंटीमीटर उघडलंय असं सांगितलं, तेव्हा मला खरंच वाटेना.

त्यानंतर मात्र माठ हाताशी लागेना. मी इंजेक्शन मागितलं. बेधडक मागितलं, मान खाली न घालता. ही हिंमत तुम्हीच दिली होती. मुलगी पहाटे झाली. टाके घालतानाही हात कमरेवरच होता.

आता ती मागाच्या खोलीतच झोपते. वीज गेली आणि माग थांबले की जागी होते.

बाबांनी विणलेली एक चादर तुमच्यासाठी काढून ठेवलीय, लाल काठाची. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला आलात तर घरी या. घर तेच आहे.

तुमची,
मागाच्या खोलीतली