भाव दाबायला सरकार येतं, उचलायला का नाही?

मा. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांस,

सादर नमस्कार.

2025 च्या हंगामासाठी आपल्या सरकारनं गव्हाचा उत्पादन खर्च क्विंटलला 1,182 रुपये धरला आणि हमीभाव 2,425 रुपये दिला. म्हणजे खर्चावर 105 टक्के नफा. निफाड तालुक्यातल्या माझ्या एक एकराचा हिशेब वेगळाच निघाला.

नांगरट, रोटा, पेरणी, 40 किलो बियाणं, खतं, तणनाशक, हार्वेस्टर, बारदान, भाडं असे 15,400 रुपये गेले. गहू झाला 11 क्विंटल. म्हणजे क्विंटलला 1,400 रुपये रोख खर्च. यात आम्हा नवरा-बायकोची मजुरी नाही, आपल्या 1,182 मध्ये मात्र घरची मजुरी धरलेली असते. स्वतःच्या जमिनीचा खंड दोन्हीकडे नाही. पंजाबात एकरी 20 क्विंटलच्या घरात गहू होतो, आमच्या राज्याची सरासरी त्याच्या निम्मीही नाही. थंडी इथं लवकर सरते आणि दाणा भरायला दिवस कमी मिळतात. मग देशाच्या सरासरीत आमचा खर्च दिसणार कसा?

मजुरीचं मुद्दाम सांगतो. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी नवी मुळं, फुटतात, तेव्हाचं पाणी चुकवून चालत नाही. आमची ती पाळी रात्रीच्या विजेत आली. मी पाण्याची दारं धरत होतो आणि बायको बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन बांधावर उभी होती. अशी पाच पाणी दिली.

बाजारात 2,450 चा भाव मिळाला. खर्च जाता 11,550 रुपये उरले, दोघांच्या चार महिन्यांचे. भाव पडला असता तर हमीभावानं घेणारं खरेदी केंद्र आमच्या जवळपास नव्हतं. त्याच हंगामात आपल्या मध्य प्रदेशात मात्र सरकारी खरेदी झाली, वर 175 रुपये बोनसही मिळाला. तिथल्या शेतकऱ्याला तो मिळालाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

भाव चढतो तेव्हा मात्र सरकार आमच्यापर्यंत बरोबर पोचतं. 13 मे 2022 ला निर्यातबंदी आली, जून 2023 मध्ये साठ्यावर मर्यादा आली, भारतीय अन्न महामंडळाच्या सरकारी साठ्यातला गहू खुल्या बाजारात उतरला. या निर्णयांतून महाराष्ट्र कधी वगळला गेला नाही. मग खरेदीतूनच का वगळला जातो?

हमीभावाची शिफारस करणाऱ्या कृषी मूल्य आयोगाकडे राज्यवार खर्च असतो, तो हमीभावाबरोबरच जाहीर करा. निफाडसारख्या तालुक्यात मार्चच्या आत एक तरी खरेदी केंद्र उघडा. आणि निर्यातीचं, साठ्याचं धोरण पेरणीआधी सांगा, म्हणजे गहू घ्यायचा की हरभरा, हे आम्हाला दिवाळीतच ठरवता येईल.

आपला,
निफाड तालुक्यातील एक गहू उत्पादक