मुक्ता, आधी खडा नीट काढ

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मला दिसतं ते काढायचंच नाहीये. मी प्रतीकवादी आहे, मग रोज वस्तुचित्राचा तास कशाला?" फोनवर घाईत काहीतरी बोलून टाकण्यापेक्षा लिहिलेलं बरं. प्रतीकवाद, म्हणजे दिसतं ते जसंच्या तसं न दाखवता प्रतिमांतून सुचवणं, तुला भावला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या मंडळींनी डोळ्यांना सुट्टी दिली होती असं तुला वाटत असेल, तर ते मला मान्य नाही.

कवी झाँ मोरेआसने १८ सप्टेंबर १८८६ ला 'ल फिगारो' या फ्रेंच वृत्तपत्रात जाहीरनामा छापला आणि चळवळीला नाव मिळालं, हे तुला शिकवलं असेलच. फ्रेंच कवी मालार्मेचं म्हणणंही ठाऊक असेल: वस्तूचं थेट नाव घेतलं की कवितेतला पाऊण आनंद गेला, ती सुचवायची. १८९१ मध्ये एका मुलाखतीत तो हे बोलला. धूसर लिहायची मुभा मिळाली असा याचा अर्थ पुष्कळांनी काढला. मला उलट वाटतं. नाव न घेता एखादी वस्तू दुसऱ्याच्या मनात उभी करायची, तर ती आपल्याला अंगोपांगी ठाऊक असावी लागते.

चित्रकारांत याची साक्ष द्यायला ओदिलों रदों आहे. तू त्याच्याकडेच नीट बघावंस अशी माझी इच्छा आहे. १८४० साली बोर्दोत जन्म, मेदोकच्या एकाकी मळ्यावर बालपण. पॅरिसला चित्रकार जेरोमच्या स्टुडिओत शिकायला गेला, पण तिथे त्याचा जीव रमला नाही. त्याला घडवलं ते आर्मां क्लावो नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने. वनस्पती कुठे संपते आणि प्राणी कुठे सुरू होतो, त्या सीमेवरचे जीव क्लावो सूक्ष्मदर्शकातून न्याहाळत असे. फ्रेंच कवी बोदलेअर आणि अमेरिकन लेखक एडगर पो रदोंला त्यानेच वाचायला लावले, प्राचीन भारतीय काव्याची गोडीही त्यानेच लावली. १८९१ चा 'स्वप्नं' हा लिथोग्राफचा, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रांचा, संच रदोंने या मित्राच्या स्मृतीला वाहिला.

रदोंने स्वतःच्या कामाची रीत लिहून ठेवली आहे. एखादा खडा, गवताचं पातं, हात असं काहीतरी अगदी बारकाईने उतरवल्यावर त्याच्या मनात खळबळ सुरू व्हायची आणि मग कल्पनेतलं काढल्याशिवाय राहवत नसे. हा क्रम लक्षात घे. आधी खडा, मग स्वप्न.

त्याचा १८८१ चा हसरा कोळी बघ. कोळशात काढलेला गोल, काळा, केसाळ देह आणि त्यावर दात दाखवणारं हसू. आता पाय मोज. दहा आहेत. कोळ्याला आठ असतात हे क्लावोच्या मित्राला माहीत नव्हतं असं मी मानणार नाही. अंगावरची लव खरी वाटते, म्हणून ते दोन जास्तीचे पाय अस्वस्थ करतात. १८८२ च्या 'एडगर पो यांस' या संचातला तो फुगाही तसाच. फुगा म्हणजे एक अख्खा डोळा, आकाशाकडे रोखलेला. पण दोर आणि त्यांना टांगलेलं वजन खऱ्या फुग्यासारखं आहे, म्हणून डोळा वर जातोय हे पटतं.

काळ्या रंगाचा मान राखला पाहिजे, असं तो म्हणायचा. कोळसा दाबायचा, पुसायचा, खरवडायचा आणि त्यातून उजेड बाहेर काढायचा. हे हाताला यायला वर्षं लागतात, मुक्ता.

याच चळवळीतली बरीच चित्रं मला आज निष्प्राण वाटतात. पेलादां या लेखकाने पॅरिसमध्ये भरवलेल्या 'रोज-क्रॉस' या प्रतीकवादी चित्रप्रदर्शनांच्या काळात, १८९२ नंतर, लिली, स्फिंक्स, फिकट मिटल्या डोळ्यांच्या बायका यांचा साठाच झाला. पवित्रता हवी की लिली काढ. कुणी लिलीकडे पाहिलंच नाही. तुझ्या वहीतल्या चंद्र-पिंजरा-पंख या चित्रांबद्दल मला हीच काळजी आहे. पिंजऱ्याची तार कुठे वळते हे तू बघितलेलं नाहीस.

आता रदोंची शेवटच्या वर्षांतली पेस्टल्स काढून बस. फुलदाणीत फुलं आहेत, त्यांतली बरीच नावानिशी ओळखता येतात, पण मागे खोली नाही, भिंत नाही, नुसता रंग तरंगतो. एक फूल निवड आणि त्याची कड कुठे ठाम आहे, कुठे त्याने सोडून दिली आहे, तेवढंच कागदावर टिपून मला पाठव.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई