माझ्या पायाला वेळ दिलेल्या फिजिओताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ओटीपोटातले लिम्फ नोड्स, म्हणजे लसिकाग्रंथी, काढले, रिपोर्ट चांगले आले. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझा डावा पाय सुजायला लागला. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, रात्री पोटरी नि मांडी ठणकायची. "एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर हे चालायचंच," असं इतक्या जणांनी ऐकवलं की दुखतंय म्हणायचाही संकोच वाटू लागला.

तुम्ही पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहिलीत. ती उचललीच जाईना. "काकू, हा लिम्फिडिमा दिसतोय. पण आधी पायाची डॉपलर सोनोग्राफी करून या. शिरेत गुठळी नाही हे कळल्याशिवाय मी हात लावणार नाही." त्या एका वाक्याने माझा तुमच्यावर विश्वास बसला.

नोड्स गेल्यावर लिम्फची, म्हणजे अंगातल्या लसिका द्रवाची, वाट अडते, प्रथिनांसकट पाणी साचतं, म्हणून लघवीच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही, हे तुम्ही कागदावर चित्र काढून दाखवलंत. जड पाय सांभाळत मी एका अंगावर झुकून चालतेय, त्यानेही स्नायू आखडलेत, हे तुम्हीच हेरलंत. दुखणं खरं आहे असं कुणीतरी म्हणणं किती मोठं असतं, ताई!

मला वाटलं होतं पाय रगडाल. तुम्ही सुरुवात केलीत मानेपासून. मग काख, पोट, आणि पाय शेवटी. तेही कातडी जेमतेम सरकेल इतक्या हलक्या हाताने. मग ह्यांना शेजारी बसवून बँडेज शिकवलंत: बोटांपासून मांडीपर्यंत, खाली ताण जास्त, वर जाताना कमी. आता सुरकुती पडली तर हे अख्खं बँडेज सोडून पुन्हा बांधतात.

सूज पूर्ण जाणार नाही, हेही तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत, खोटी आशा दाखवली नाहीत. पाय लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ही तुमची ताकीद गेल्या श्रावणात कामी आली. वेळेवर अँटिबायोटिक सुरू झालं नि इन्फेक्शन बळावलं नाही.

हल्ली पायावर दाब देणारं घट्ट स्टॉकिंग चढवून सारसबागेत रोज फेऱ्या मारते. ठणका बराच उतरलाय. स्टॉकिंग मात्र सैल पडलंय, नव्याचं माप द्यायला पुढच्या आठवड्यात येते. हेही येणार आहेत. गुडघ्यामागची पट्टी त्यांना तुमच्याकडून परत एकदा बघायचीय.

तुमची,
सिंहगड रस्त्यावरची काकू